पावसाळ्यापूर्वीचा पाठ : घरचा पैसा हाताशी कसा ठेवावा?



मे महिना लागला की घराघरांत पावसाळ्याची तयारी सुरू होते. गच्चीवरचा कचरा काढतात, पन्हळी साफ करतात, धान्याला ऊन दाखवतात, पापड-कुरडया डब्यांत भरून ठेवतात. छत्र्यांच्या तुटलेल्या काड्यासुद्धा दुरुस्त होतात. या सगळ्यात एका गोष्टीची तयारी मात्र राहून जाते. ती म्हणजे पैशाची. "पैसा बँकेत आहे, फोनमध्ये ॲप आहे, मग आणखी कसली तयारी?" असे आपल्याला वाटते. या प्रश्नाचे उत्तर शोधणे हाच आजचा पाठ आहे.

हुबळी-धारवाडला समुद्र नाही. चक्रीवादळ रायापूरच्या रस्त्यावर थेट येऊन आदळत नाही, हे खरे. परंतु एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस गारा आणि वारा घेऊन येतो, झाडे विजेच्या तारांवर पडतात, हे आपण दरवर्षी पाहतो. शिवाय आपल्यापैकी अनेकांचे नातलग, व्यापार आणि नोकरी बेळगाव, कोल्हापूर, गोवा, कोकण या भागांशी जोडलेली आहे. तिकडचा रस्ता बंद झाला की इकडच्या घराची चूल अडते. म्हणून आधी तिकडे काय घडले ते पाहू.

तीन घटना, तीन धडे

पहिली घटना ऑगस्ट २०१९ ची. पंचगंगा आणि कृष्णा यांच्या महापुराने कोल्हापूर व सांगली जिल्हे पाण्याखाली गेले. बेळगाव, बागलकोट, गदग आणि आपला धारवाड जिल्हा यांनाही त्या पावसाने झोडपले. पुणे-बेंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोली येथे जवळजवळ आठवडाभर बंद होता. ट्रकांच्या रांगा लागल्या. घरचा कर्ता माणूस एका बाजूला आणि कुटुंब दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती झाली. पुढे महाराष्ट्र शासनाने पूरग्रस्त कुटुंबांना शहरी भागात १५,००० व ग्रामीण भागात १०,००० रुपये मदत जाहीर केली. त्यातले ५,००० रोख आणि बाकीचे बँक खात्यात, असे ठरले. कर्नाटकातही त्या वर्षी १०,००० रुपयांची तातडीची मदत दिली गेली. धडा असा की, संकटानंतरची मदत बहुतांशी खात्यातून येते. ज्याचे खाते चालू आणि कागद हाताशी, त्याला ती आधी मिळते.

दुसरी घटना ३ जून २०२० ची. 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत विजेचे खांब हजारोंनी पडले. कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती आणि मोबाईलचे मनोरेही बंद पडले. त्यात कोरोनाचा काळ. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' वादळ कर्नाटक, गोवा व कोकणच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. तेव्हा गोव्यातही अनेक घरांची वीज दिवसचे दिवस गेली होती. धडा असा की, वीज गेली की काही तासांनी फोन जातो, आणि फोन गेला की फोनमधले पैसेही हातचे जातात.

तिसरी घटना २२ जुलै २०२१ ची, चिपळूणची. वाशिष्ठी नदीचे पाणी बाजारपेठेत आणि एस. टी. आगारात शिरले. आगाराची सुमारे ९ लाख रुपयांची रोकड वाचवण्यासाठी आगार व्यवस्थापक ती घेऊन एका बसच्या टपावर अनेक तास बसून राहिले होते. त्यांच्या कर्तव्यनिष्ठेचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण घरातल्या माणसांनी पैशासाठी असा जीव धोक्यात घालण्याची वेळ येऊ नये. नोटा म्हणजे कागद. त्या भिजतात, वाहून जातात. सगळी रक्कम घरात ठेवणे हाही शहाणपणा नव्हे.

वाट कोठे तुटते?

मुलांनो, बँकेतला पैसा पुरात बुडत नाही. हुबळीतल्या शाखेत पाणी शिरले तरी तुमच्या खात्याची नोंद तेथे कपाटात नसते; ती बँकेच्या दूरच्या मुख्य संगणकात असते. म्हणून हुबळीची शाखा बंद असली तरी त्याच बँकेच्या धारवाड शाखेतून पैसे काढता येतात. पैसा सुरक्षित असतो. त्याच्यापर्यंत जाणारी वाट तुटते.

आपण दुकानात फोनवरून पैसे देतो तेव्हा काय होते? आपल्या फोनमधला निरोप जवळच्या मनोऱ्याकडे जातो. तेथून तो पैशांची देवघेव जुळवणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेकडे, मग आपल्या बँकेकडे व दुकानदाराच्या बँकेकडे जातो, आणि उत्तर उलट वाटेने परत येते. या साखळीतले मोठे संगणक वादळापासून दूर असतात. तुटते ती आपल्या गल्लीतली कडी. फोनची बॅटरी संपते, नाहीतर मनोऱ्याचे डिझेल संपते, नाहीतर दुकानदाराचाच फोन बंद पडतो. ए.टी.एम. यंत्राचेही तसेच. त्याला वीज लागते, बँकेशी जोडणी लागते आणि नोटा भरायला येणारी गाडी लागते. बॅटरीवर ते काही तास चालेल, पण रस्ता बंद असेल तर रिकामेच उभे राहील.

यावरून नियम निघतो : एकाच वाटेवर विसंबू नये. थोडी रोख, एक कार्ड, एक फोन आणि चालू खाते अशा चार वाटा मोकळ्या ठेवाव्यात. शक्य असेल तर घरातल्या दोघांची खाती दोन वेगळ्या बँकांत असावीत.

साध्या, बटणांच्या फोनवरूनही *९९# हा क्रमांक फिरवून शिल्लक पाहता येते व पैसे पाठवता येतात. त्याला इंटरनेट लागत नाही. मनोऱ्याचा सिग्नल मात्र लागतो. बँकेत नोंदवलेला मोबाईल क्रमांक लागतो आणि पिन आधीच तयार केलेला असावा लागतो. वादळाच्या दिवशी ते शिकायला बसू नये. तसेच आधारशी जोडलेल्या खात्यातून पोस्टमनकडे अंगठा लावून पैसे घेण्याची सोय इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेने २०१९ पासून दिली आहे. कष्टाने झिजलेल्या आजी-आजोबांच्या बोटांचे ठसे कधी कधी उमटत नाहीत. तेव्हा ही सोय त्यांना लागू पडते का, हे आजच पाहून ठेवावे.

घरात रोख किती असावी?

येथे गणित करायचे आहे. समजा, एका कुटुंबाचा रोजचा खर्च असा आहे : दूध ७० रुपये, भाजी व किराणा २५० रुपये, येण्याजाण्याचे ८० रुपये. एकूण ४०० रुपये. सात दिवसांचे झाले २,८०० रुपये. आजोबांची महिन्याची औषधे १,२०० रुपये. गॅस सिलिंडरसाठी १,००० रुपये. बेरीज ५,०००. अडीअडचणीसाठी आणखी १,०००. म्हणजे या घराला ६,००० रुपये रोख पुरतील. तुमच्या घराचा आकडा वेगळा असेल. तो आईवडिलांबरोबर बसून काढा.

आता हे ६,००० रुपये कोणत्या नोटांत ठेवावेत? बारा पाचशेच्या नोटा ठेवल्या तर अर्धा लिटर दुधासाठी पाचशेची नोट पुढे करावी लागेल, आणि त्या दिवशी सुटे पैसे, म्हणजे आपण ज्याला चिल्लर म्हणतो ते, कोणाकडेच नसेल. म्हणून वाटणी अशी करावी :

५०० च्या ६ नोटा = ३,००० रुपये
१०० च्या २० नोटा = २,००० रुपये
५० च्या १२ नोटा = ६०० रुपये
२० च्या १२ नोटा = २४० रुपये
१० च्या १६ नोटा = १६० रुपये
एकूण = ६,००० रुपये

एवढी रक्कम एकदम बाजूला काढणे प्रत्येक घराला जमत नाही. रोज मजुरी करून खाणाऱ्या घराला तर नाहीच. अशा घरांनी जानेवारीपासून आठवड्याला शंभर-दोनशे रुपये वेगळे ठेवले तरी मेअखेरीस बरीच रक्कम जमते. दुकानदार मंडळी पिग्मी भरतात, तोच हा मार्ग. ही रक्कम घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत, घरातल्या उंच जागी ठेवावी. उंदीर, वाळवी आणि ओल या तिघांपासून ती जपावी. आणि सणासुदीला तिला हात लावू नये.

घरातल्या किती जणांना माहीत आहे?

पालकहो, हा भाग लक्षपूर्वक वाचावा. बहुतेक घरांत पैशाचा सगळा व्यवहार एकाच माणसाला ठाऊक असतो. पासबुक कोठे आहे, विम्याची पावती कोणत्या फाईलमध्ये आहे, ठेवीची मुदत कधी संपते, हे त्यालाच माहीत. तो माणूस महामार्गाच्या पलीकडे अडकला, आजारी पडला किंवा त्याचा फोन पाण्यात गेला, तर घरात पैसा असूनही घर निर्धन होते. त्याचे बरेवाईट झाले तर मागे राहिलेल्या बाईला नवऱ्याची ठेव कोणत्या बँकेत आहे हे शोधण्यासाठी दारोदार फिरावे लागते. दुःखात असताना हे फिरणे किती कठीण असते!

म्हणून प्रत्येक घरात एक वही करावी. तीत बँकेचे व शाखेचे नाव, खात्याचे शेवटचे चार अंक, ठेवीच्या पावत्या कोठे आहेत, विमा पॉलिसीचा क्रमांक, गॅसचा ग्राहक क्रमांक, वीजबिलावरचा आर. आर. नंबर, रेशनकार्डाचा क्रमांक, बँकेच्या मदतकेंद्राचा फोन आणि जवळच्या चार नातलगांचे फोन लिहावेत. फोन बंद पडला की आपल्याला सख्ख्या भावाचाही नंबर आठवत नाही! पिन, पासवर्ड आणि ओ.टी.पी. मात्र या वहीत कधीही लिहू नये. वही कोठे आहे हे घरातल्या किमान दोन मोठ्या माणसांना माहीत असावे.

आधार, पॅन, पासबुकाचे पहिले पान, घराचे उतारे, मुलांचे दाखले यांच्या प्रती प्लास्टिकच्या पाकिटात ठेवाव्यात. एक संच दुसऱ्या गावच्या विश्वासू नातलगाकडे द्यावा. शासनाच्या डिजिलॉकरमधील दाखलेही ग्राह्य धरले जातात, पण ते पाहायला फोन व इंटरनेट लागते हे विसरू नये.

खाते खरोखर चालू आहे का?

पावसाळ्यापूर्वी एकदा बँकेत जाऊन पुढील पाच गोष्टी तपासाव्यात.

१. पासबुक भरून घ्यावे. खातेदाराने दोन वर्षे स्वतः कोणताच व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते.

२. बँकेचे नाव व आय.एफ.एस.सी. कोड जुना तर नाही ना, हे पाहावे. विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये, तर सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत १ एप्रिल २०२० रोजी विलीन झाली. धारवाडला मुख्यालय असलेली कर्नाटक विकास ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून कर्नाटक ग्रामीण बँकेचा भाग झाली. अर्जावर जुन्या पासबुकातला कोड लिहिला तर मदतीची रक्कम अडू शकते.

३. आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते विचारावे. शासनाचे बरेच पैसे त्याच खात्यात येतात. गृहलक्ष्मी योजनेमुळे अनेक मातांना हे आता ठाऊक आहे.

४. वारसाची नोंद करावी. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. पतिपत्नीचे खाते संयुक्त असेल तर 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती' अशी सूचना आहे ना, हे पाहावे. 'दोघे मिळून' असे लिहिलेले असेल तर एकाच्या सहीने पैसे मिळत नाहीत.

५. ठेव कोठे आहे याचा विचार करावा. बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्था, सौहार्द सोसायट्या आणि भिशी यांना तो लागू नाही. त्या वाईट असे नव्हे; पण संकटकाळासाठीचा सगळा पैसा तेथे नसावा.

आणखी एक गोष्ट. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे. वय १८ ते ७० असलेल्या खातेदाराचा अपघाती मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. नैसर्गिक आपत्तीतील मृत्यूही त्यात येतो. तिचे वर्ष १ जूनला सुरू होते, म्हणजे ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. मेअखेरीस खात्यात वीस रुपयेही नसतील तर विमा खंडित होतो.

इशारा मिळाल्यावर

हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा आला की पुढील कामे उरकावीत. सगळे फोन व पॉवर बँक चार्ज करावेत. गाडीत पेट्रोल भरावे. औषधे आणावीत. वीजबिल, कर्जाचा हप्ता किंवा विम्याचा हप्ता दोन-तीन दिवसांत येणार असेल तर आधीच भरावा. दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. शुक्रवारी इशारा आला तर सोमवारपर्यंत शाखा उघडणार नाही, हे लक्षात घ्यावे. मात्र वारा सुटल्यावर ए.टी.एम.कडे धावू नये. घर सोडा असा आदेश आला तर कागदांची पिशवी उचलावी आणि निघावे. कपाट उघडत बसू नये.

वादळ सरल्यानंतर

भिजलेल्या नोटा इस्त्रीने वाळवू नयेत. अलगद सुट्या करून सावलीत वाळवाव्यात. फाटक्या नोटा बँकांनी बदलून द्याव्यात असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ५० रुपये व त्यावरील नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून अधिक असेल तर पूर्ण किंमत मिळते. ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी. २० रुपयांपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून मोठा तुकडा असेल तर पूर्ण किंमत मिळते. एकमेकींना पार चिकटलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयातच दाखवाव्या लागतात. आपल्यासाठी ते बेंगळूरला आहे.

घराचा विमा असेल तर चिखल काढण्याआधी छायाचित्रे घ्यावीत व कंपनीला त्वरित कळवावे. पीकविमा घेतलेल्या शेतकऱ्यांनी गारपीट किंवा शेतात पाणी तुंबल्याचे नुकसान ७२ तासांत कळवायचे असते. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून पाहू नये. केवळ तिऱ्हाइतासाठीचा सक्तीचा विमा असेल तर पुराने झालेले गाडीचे नुकसान त्यातून मिळत नाही. बँकेच्या लॉकरमधील वस्तू पूर किंवा विजेमुळे खराब झाल्या, तर बँकेचा स्वतःचा हलगर्जीपणा नसल्यास ती भरपाई देत नाही, हेही माहीत असावे.

मदत ज्या खात्यात येणार आहे त्यातूनच कर्जाचा हप्ता आपोआप कापला जात असेल तर आधी बँकेशी बोलावे. ३० जुलै २०२४ रोजी केरळात वायनाडला दरडी कोसळल्यानंतर तेथील एका बँकेने काही आपद्ग्रस्तांच्या मदतीतून हप्ते कापून घेतले. ओरड झाल्यावर ते परत करावे लागले. पण कोसळलेल्या घरापुढे उभ्या असलेल्या माणसाला हा आणखी एक धक्का कशाला?

शेवटी सावधगिरी. संकटानंतर भामट्यांचे पीक येते. "मदत मंजूर झाली, ओ.टी.पी. सांगा" असा फोन आला तर तो खोटाच समजावा. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेला कळवावे.

विश्वस्त मंडळींना विनंती

जे घराला लागू आहे ते शाळेलाही आहे. धनादेशावर सह्या करणारे सगळेच एका वेळी परगावी नसावेत. शिपाई व सेविकांचा पगार वादळात अडकू नये, कारण त्यांच्या घरी साठा कमी असतो. फीची पुस्तके, दाखल्यांच्या नोंदवह्या तळमजल्यावरून वर न्याव्यात. मे महिन्यात एखाद्या शनिवारी पालकांसाठी पासबुक व वारसनोंद तपासणीचा कार्यक्रम शाळेत घेता आला तर फार उपयोग होईल.

घरी करायचा उपक्रम

१. आपल्या घराचा सात दिवसांचा रोख खर्च काढा व नोटांची वाटणी करा. (इयत्ता ५ वी ते ७ वी)

२. घरची वही तयार करण्यास आईवडिलांना मदत करा. वही शाळेत आणू नका. "झाली" एवढेच सांगा. (इयत्ता ८ वी ते १० वी)

३. आजीला किंवा शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजोबांना बँकेत सोबत करा व पासबुक भरून आणा. (सर्वांसाठी)

४. प्रश्न : शंभरच्या नोटेचा पाऊण भाग उरला आहे. तिची किती किंमत मिळेल? वीसच्या नोटेचा तेवढाच भाग उरला तर?

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. आकाश निरभ्र आहे आणि बँक उघडी आहे, तोवर ही कामे करून टाकावीत. पहिल्या तीन गोष्टी पूर्ण करणाऱ्या मुलांनी आपल्या वर्गशिक्षकांना सांगावे. चौथ्या प्रश्नाचे उत्तर पाठात आहेच. पुन्हा एकदा वाचा.